गोळी की सुई? वजनाच्या दोन्ही औषधांचा घरातला रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. आठवड्याच्या इंजेक्शनला पाचपैकी चार, रोजच्या गोळीला साडेतीन, आणि गोळीचा तो अर्धा स्टार मी औषध कमजोर आहे म्हणून कापलेला नाही, सकाळच्या कटकटीसाठी कापलाय. आमच्या घरात दोन्ही चालू आहेत, मी आठवड्यातून एकदा पोटात टोचून घेते, नवरा रोज उठल्या उठल्या गोळी घेतो, आणि गंमत म्हणजे दोघांच्या अंगात जातंय ते औषध एकच, सेमाग्लुटाइड. डॉक्टरही एकच. फक्त आत शिरायचा रस्ता वेगळा.

आता लोक विचारतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, सुई दुखते का हो? आणि दुसरा, गोळीने तेवढंच उतरतं का? दोन्ही प्रश्न बरोबर आहेत पण माझ्या मते निवड यांच्यावर ठरत नाही. तुमची सकाळ कशी असते यावर ठरते. उठल्यावर अर्धा तास काहीही न खाता, चहा-कॉफीचा घोट न घेता, दुसरी कुठलीही गोळी न घेता, रोज, अगदी रोज, महिनोनमहिने काढता येणार असेल तर गोळी घ्या. नसेल तर सुईची भीती घालवणं जास्त सोपं आहे, खरंच सांगते.

थोडं औषधाबद्दल. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं एक हार्मोन सुटतं, ते मेंदूला सांगतं की बास झालं आता, पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि साखर वाढली असेल तर इन्सुलिन सोडायला लावतं. पण शरीराचं स्वतःचं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मं संपून जातं. सेमाग्लुटाइड त्याचीच नक्कल आहे, फक्त तिला एक चरबीची शेपटी जोडलेली आहे जी रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटून बसते, त्यामुळे ते निम्मं व्हायला सुमारे एक आठवडा लागतो. म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदा. हे दोघांनाही लागू आहे बरं का, गोळीतून गेलेलं सेमाग्लुटाइड सुद्धा रक्तात आठवडाभर रेंगाळतं. मग गोळी रोज का घ्यायची? कारण ती आत जातच नाही नीट.

हा भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. सेमाग्लुटाइड म्हणजे पेप्टाइड, प्रोटीनचाच लहान भाऊ, आणि पोटाचं तर कामच प्रोटीन फोडायचं. असं औषध गिळलं तर पोट ते जेवण समजून पचवून टाकणार. म्हणून इतकी वर्षं ही औषधं इंजेक्शनमधेच होती, २००५ साली एक्झेनाटाइड आलं ते दिवसातून दोनदा टोचायचं, मग लिराग्लुटाइड आलं ते रोज एकदा, मग सेमाग्लुटाइड आठवड्याला एकदा. नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने २०१९ मधे रायबेल्सस आणली ती पहिली जीएलपी-१ची गोळी, डायबेटिससाठी, आणि त्यात एक मदतनीस घातलाय, स्नॅक असं त्याचं छोटं नाव. गोळी पोटाच्या अस्तराला टेकून विरघळते तेव्हा हा स्नॅक आजूबाजूचं अ‍ॅसिड तेवढ्यापुरतं मंद करतो आणि औषधाला अस्तरातून आत सरकायला वाट करून देतो. एवढं सगळं करून सुद्धा एक टक्क्याच्या आसपासच औषध रक्तात पोचतं, बाकीचं वाया. हिशोब करून बघा, वजनासाठीच्या गोळीचा पूर्ण डोस दिवसाला २५ मिलिग्रॅम म्हणजे आठवड्याला १७५, आणि इंजेक्शनचा नेहमीचा पूर्ण डोस आठवड्याला २.४ मिलिग्रॅम. म्हणजे साधारण सत्तरपट औषध गिळायचं आणि परिणाम जवळपास तेवढाच! बादलीभर ओतायचं तेव्हा कुठे ओंजळभर हाती लागतं असा प्रकार आहे.

आणि ज्या गोष्टीचं एकच टक्का आत जातं तिच्यात थोडी जरी गडबड झाली तरी त्या एक टक्क्याचा अर्धा टक्का होणार ना. नियम एवढे कडक का ते इथे कळतं. नियम असे, सकाळी पूर्ण रिकाम्या पोटी घ्यायची, सोबत साधं पाणी तेही १२० मिलिलिटरच्या आत म्हणजे अर्धा कप धरा, चहाबरोबर नाही, दुधाबरोबर नाही, ज्यूसबरोबर तर नाहीच, आणि त्यानंतर किमान ३० मिनिटं खाणं-पिणं बंद आणि दुसरी औषधं पण बंद. गोळी अख्खी गिळायची, तोडायची नाही, चावायची नाही, कुटून पाण्यात घालायचा विचार पण करायचा नाही. आणि ज्या पॅकमधे आलीये त्यातच ठेवायची, आठवड्याच्या सात खणांच्या डबीत काढून ठेवायची सवय असेल तर ही गोळी त्यात घालू नका, दमट हवेने खराब होते.

नवऱ्याचं म्हणाल तर तो माणूस घड्याळावर चालणारा आहे त्यामुळे त्याला जमतंय. गोळी घेतो, फिरायला जातो, परत येईपर्यंत अर्धा तास होऊन गेलेला असतो. त्याची पद्धत अशी बसली आहे की आता तो त्याबद्दल बोलत पण नाही. पण घरात पाहुणे असले, पहाटेचा प्रवास असला, रात्री उशिरा जेवण झालं असलं, की चिडचिड बघायची. मधेच कधीतरी एखादा दिवस चुकतो, तर नियम असा आहे की चुकलेली गोळी सोडून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी एकच घ्यायची, दोन नाही. एका दिवसाने आभाळ कोसळत नाही कारण वर म्हटलं तसं औषध रक्तात आठवडाभर असतंच. पण "चालतंय की" म्हणून रोज दहा मिनिटांत चहा प्यायला लागलात तर तुम्ही पैसे देऊन स्नॅक खाताय, औषध नाही.

आता माझी नणंद. तिला थायरॉइडची गोळी आहे, आणि ज्यांना ती आहे त्यांना माहितीच असेल की ती पण सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते. मग पहिली कुठली? डॉक्टरांनी वेळापत्रक आखून दिलं होतं, आधी ही, मग अर्धा तास थांबा, मग ती, मग परत थांबा, आणि मग नाश्ता. शिवाय गोळीवाल्या सेमाग्लुटाइडबरोबर थायरॉक्सिन, म्हणजे त्या थायरॉइडच्या गोळीतलं औषध, रक्तात जास्त चढतं, अभ्यासात ते ३३ टक्क्यांनी वाढलेलं दिसलंय, म्हणजे रक्ततपासणी करून त्या गोळीचा डोस पण बघत राहायचा. ताईंची सकाळ म्हणजे नुसतं थांबणं झालं होतं. शेवटी त्यांनी इंजेक्शन घेतलं आणि आता त्या म्हणतात की हे आधीच का नाही सुचलं कोणाला. ज्यांच्या सकाळच्या गोळ्या आधीच तीन-चार आहेत त्यांनी हे डॉक्टरांशी नीट बोलून घ्या, फक्त वजनाच्या गोळीचं कौतुक ऐकून येऊ नका.

आता सुईबद्दल. लोकांच्या डोक्यात लहानपणीचं दंडातलं जाड इंजेक्शन असतं, हे तसं काही नाही. पेन असतं, सुई केसासारखी बारीक आणि काही मिलिमीटरचीच, कातडीखालच्या चरबीत टोचायची असते, स्नायूत नाही. पोट, मांडी किंवा दंडाचा वरचा भाग, आणि दर वेळी जागा थोडी बदलायची. काही पेन एकदाच वापरायची असतात, त्यात सुई दिसत पण नाही, दाबून धरायचं आणि आवाज झाला की संपलं. काहींमधे काही आठवड्यांचे डोस एकाच पेनात असतात, त्यात दर वेळी नवीन सुई लावायची आणि वापरलेली सुई कचऱ्यात तशीच फेकायची नाही, जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात. आणि स्वतःचं पेन दुसऱ्याला वापरायला देणं हे कितीही प्रेम असलं तरी नाही, सुई बदलली तरी नाही. दुखतं का? मुंगी चावली असं पण म्हणणार नाही मी, कधीकधी तर खरंच झालं का म्हणून परत बघते. पहिल्या वेळेला हात थरथरतो ते मान्य, नंतर नाही.

इंजेक्शनची खरी डोकेदुखी फ्रिज आहे. पेन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, फ्रीझरच्या जवळ अजिबात नाही, एकदा गोठलं की परत वितळलं तरी टाकून द्यायचं. बाहेर ठेवायची मुदत ब्रँडप्रमाणे वेगळी, वेगोव्हीला (वजनासाठीचं सेमाग्लुटाइड) ३० डिग्रीपर्यंत २८ दिवस, झेपबाऊंडला (टिर्झेपाटाइड नावाचं दुसरं औषध, त्याबद्दल पुढे) २१. विमानात न्यायचं तर हातातल्या बॅगेत, खाली सामानात गोठायची भीती. वीज जाणं, फ्रिज बिघडणं, हॉटेलमधला फ्रिज भलताच थंड असणं, या सगळ्याची चिंता गोळीवाल्याला नसते, तो खिशात पाकीट टाकून निघतो. इथे गोळी सरळ जिंकते आणि ज्यांची फिरतीची नोकरी आहे त्यांच्यासाठी हा मुद्दा मोठा आहे.

पण मग आठवड्याचे बाकीचे सहा दिवस मी या औषधाचा विचारसुद्धा करत नाही हो. ती मोकळीक मला चार स्टारांची वाटते. दिवस बदलायचा असेल तरी चालतं, दोन डोसमधे किमान दोन दिवसांचं अंतर पाहिजे एवढंच. मात्र लागोपाठ दोनपेक्षा जास्त आठवडे राहून गेले तर परत त्याच मोठ्या डोसवर उडी मारू नका, डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा खालून सुरुवात करायला लागते.

आता आकडे, कारण त्याशिवाय कोणी ऐकत नाही. २०२१ मधे स्टेप-१ ट्रायल आली, १९६१ लोक, ६८ आठवडे, २.४ मिलिग्रॅमचं इंजेक्शन, सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं आणि ज्यांना नुसतं डमी इंजेक्शन दिलं त्यांचं २.४ टक्के. मग २०२३ मधे ओअ‍ॅसिस-१, त्यात रोज ५० मिलिग्रॅमची गोळी, तेवढेच ६८ आठवडे, १५.१ टक्के. नंतर २५ मिलिग्रॅमची ओअ‍ॅसिस-४, ६४ आठवड्यांत १३.६ टक्के, आणि याच डोसच्या वेगोव्ही गोळीला डिसेंबर २०२५ मधे अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेची परवानगी मिळाली. वेगवेगळ्या ट्रायलचे आकडे शेजारी ठेवून नंबर लावणं बरोबर नाही, माणसं वेगळी असतात, पण ढोबळ मानाने सांगायचं तर नीट घेतली तर गोळी इंजेक्शनच्या फार मागे नाही. "नीट घेतली तर" हे लक्षात घ्या, कारण त्याच ओअ‍ॅसिस-४ मधे शेवटपर्यंत औषध पाळलं असतं तर किती उतरलं असतं असा हिशोब केला तेव्हा आकडा १६.६ निघाला. सुटलेल्या आणि सोडलेल्या गोळ्यांचा फरक आहे तो.

एक घोळ मात्र बरेच जण करतात. डायबेटिसवाली रायबेल्सस १४ मिलिग्रॅमपर्यंत असते आणि ती वजनासाठी बनवलेली नाही. डायबेटिसच्या ट्रायलमधे त्या डोसला अर्ध्या वर्षात चार किलोच्या आसपास उतरलं होतं. ती घेऊन कोणी म्हणालं की गोळी फालतू आहे, माझं काही पंधरा टक्के उतरलं नाही, तर ती तुलनाच चुकीची. (तसंच ओझेम्पिक हे नाव लोक सगळ्याच इंजेक्शनांना लावतात, पण ते डायबेटिससाठीचं, वजनाचं वेगोव्ही. औषध एकच, डोस वेगळा.)

आणि इंजेक्शनच्या बाजूला अजून एक पैलवान उभा आहे तो म्हणजे टिर्झेपाटाइड, इलाय लिली कंपनीचं मौंजारो किंवा झेपबाऊंड. हे जीएलपी-१ सोबत जीआयपी नावाच्या दुसऱ्या हार्मोनचं पण काम करतं. २०२२ च्या ट्रायलमधे १५ मिलिग्रॅमच्या डोसला ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. मग दोघांची समोरासमोर लढत पण लावली, ७५१ लोक, टिर्झेपाटाइड २०.२ टक्के आणि सेमाग्लुटाइड १३.७, दोन्ही इंजेक्शनं. म्हणजे जास्तीत जास्त वजन उतरवणं हाच हेतू असेल, गुडघे बोलायला लागलेत, झोपेत श्वास अडकतोय, तर आज तरी सुईकडेच जायला लागतं, गोळीत याच्या तोडीचं मला काही दिसत नाही. झोपेत श्वास अडकण्याच्या आजारासाठी झेपबाऊंडला डिसेंबर २०२४ मधे वेगळी परवानगी पण मिळालीये.

हृदयाचं पण बघा. सिलेक्ट नावाच्या ट्रायलमधे १७,६०४ लोक होते, वजन जास्त आणि हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून, डायबेटिस नाही. त्यांच्यात २.४ चं इंजेक्शन घेणाऱ्यांना हार्ट अ‍ॅटॅक, स्ट्रोक किंवा हृदयामुळे मृत्यू हे सगळं मिळून २० टक्क्यांनी कमी झालं. वजन बाजूला ठेवलं तरी हे मोठं काम आहे.

साइड इफेक्टकडे येऊ. गोळी पोटाला जास्त त्रास देते कारण ती पोटात जाते, आणि इंजेक्शन पोटात जात नाही म्हणून मळमळ नाही, असं मला खूप जणांनी सांगितलंय, काहींनी उलटंही सांगितलंय की गोळी सौम्य असते. दोन्ही खोटं. त्रास औषध रक्तात गेल्यावर होतो, रस्ता कुठलाही असो. इंजेक्शनच्या स्टेप-१ मधे ७४ टक्के लोकांना पोटाचा काही ना काही त्रास झाला आणि गोळीच्या ओअ‍ॅसिस-४ मधेही ७४ टक्क्यांनाच. मळमळ, जुलाब, बद्धकोष्ठता, उलटी, हा क्रम ठरलेला. फरक जाणवतो तो चालीत. मला इंजेक्शननंतरचे एक-दोन दिवस जड जातात आणि मग आठवडा सरळ होतो, त्यामुळे मी शुक्रवारी रात्री टोचते म्हणजे जे काय व्हायचं ते सुट्टीत. नवऱ्याला असं वरखाली होत नाही, त्याची मळमळ हलकी पण रोजची होती, डोस वाढवला की परत यायची आणि मग विरून जायची. कोणती बरी? मला विचाराल तर एकदाच काय ती होऊन गेलेली बरी, त्याला विचाराल तर तो उलटं सांगेल.

म्हणूनच डोस हळूहळू चढवतात, इंजेक्शन ०.२५ पासून दर चार आठवड्यांनी एकेक पायरी वर, पूर्ण डोसपर्यंत पोचायला चार महिने. गोळीचंही १.५ पासून असंच. जे लोक पहिल्याच महिन्यात काही उतरलं नाही म्हणून नाराज होतात त्यांनी हे लक्षात घ्या, पहिल्या पायऱ्या पोटाला सवय लागावी म्हणून असतात. आणि मळमळ असताना पोटाला तडस लागेपर्यंत जेवू नका, तेलकट कमी करा, भूक मेली म्हणून पाणी प्यायचं विसरू नका, बद्धकोष्ठता निम्मी त्यानेच होते.

गंभीर गोष्टी पण दोन्हीला सारख्याच. पित्ताचे खडे, स्वादुपिंडाची सूज, असह्य पोटदुखी पाठीकडे जात असेल तर घरी बसून राहायचं नाही, तडक दवाखाना. उंदरांवरच्या प्रयोगात थायरॉइडच्या गाठी दिसल्या म्हणून मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर स्वतःला किंवा घरात कोणाला असेल तर ही औषधं नाहीत, गोळी पण नाही. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद. टिर्झेपाटाइडवर असाल आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर सुरुवातीला आणि दर वेळी डोस वाढल्यावर चार आठवडे दुसरं साधन वापरायला सांगतात, कारण पोट हळू रिकामं होतं आणि ती गोळी नीट शोषली जात नाही. हे बायकांना कोणी सांगतच नाही हो, म्हणून मुद्दाम लिहिलं. ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकतं.

आणि उतरलेलं सगळं वजन चरबीचं नसतं. ट्रायलमधल्या मोजमापांत उतरलेल्या वजनाचा साधारण पंचवीस ते चाळीस टक्के भाग चरबी सोडून बाकी ऐवजाचा, त्यात स्नायू पण आले. म्हणून प्रोटीन आणि वजनं उचलण्याचा व्यायाम. मला व्यायामाचा मनापासून कंटाळा आहे तरी करते, कारण साठीनंतर जिना चढायला पाय लागतील.

गोळी म्हटलं की काही लोकांना जुन्या गोळ्या आठवतात आणि ते घाबरतात, ते घाबरणं काही उगाच नाही. वजनाच्या गोळ्यांचा इतिहासच तसा आहे. फेनफ्लुरामिन १९९७ मधे हृदयाच्या झडपा बिघडवते म्हणून बंद, रिमोनाबंट २००८ मधे मनावर परिणाम करते म्हणून युरोपात बंद, सिब्युट्रामिन २०१० मधे हृदयासाठी बंद, लॉर्कासेरिन २०२० मधे कॅन्सरच्या शंकेने बंद. ऑर्लिस्टॅट मात्र टिकून आहे, ती खाल्लेल्या चरबीचा सुमारे तीस टक्के भाग शोषूच देत नाही, मग तो भाग जिथून बाहेर पडायचा तिथून पडतो, कधी न सांगता. पांढरी पँट घालणाऱ्यांनी विचार करावा. वजन पण बेताचंच उतरतं. हिला गोळी आहे म्हणून सेमाग्लुटाइडच्या गोळीशेजारी बसवू नका, कामच वेगळं आहे.

नव्या गोळ्यांमधे माझं लक्ष ऑरफोरग्लिप्रॉनवर आहे. जपानच्या चुगाई कंपनीने शोधलेली आणि लिलीने पुढे नेलेली. ही पेप्टाइड नाहीच, साधा छोटा रेणू, त्यामुळे पोट तिला फोडत नाही, स्नॅक नको, उपाशी राहणं नको, घोटभर पाण्याचा हिशोब नको, कधीही घ्या. २०२५ मधे आलेल्या ट्रायलमधे ३१२७ लोकांमधे मोठ्या डोसला ७२ आठवड्यांत ११.२ टक्के उतरलं. म्हणजे आकडा सेमाग्लुटाइडपेक्षा थोडा खाली पण सकाळ मोकळी. ताईंसारख्यांसाठी हे फार कामाचं. मात्र छोटा रेणू म्हटलं की सगळं सुरळीतच असं पण नाही, फायझरची दानुग्लिप्रॉन नावाची अशीच गोळी एप्रिल २०२५ मधे यकृताच्या शंकेवरून सोडून द्यावी लागली.

बंद केल्यावर काय, हा प्रश्न कोणी खरेदीच्या आधी विचारत नाही. स्टेप-१ मधल्या लोकांचं औषध थांबवलं तर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. टिर्झेपाटाइडवाल्यांचं पण तसंच. भूक परत येते, डोक्यातला तो खाण्याचा सततचा गोंगाट परत येतो (तो बंद होणं हा माझ्यासाठी या औषधाचा सगळ्यात मोठा फायदा, वजनापेक्षा सुद्धा). म्हणजे हे बीपीच्या औषधासारखं लांबच्या पल्ल्याचं प्रकरण आहे, आणि मग परत तोच मुद्दा, पाच वर्षं काय जमेल, रोज सकाळचा अर्धा तास की आठवड्याचं एक मिनिट आणि फ्रिजचा एक कोपरा?

खरेदीबद्दल एवढंच, किमतीच्या भानगडीत मी पडत नाही पण स्वस्त मिळतंय म्हणून जिभेखालचे थेंब, चिकटवायच्या पट्ट्या, पावडरच्या बाटल्या असलं काही "तेच सेमाग्लुटाइड" म्हणून विकत घेऊ नका. खऱ्या गोळीत एवढी कसरत करून एक टक्का आत जातो, तर तुमच्या कातडीवरच्या स्टिकरमधून काय जाणार? बनावट पेनं पण फिरतात, जून २०२४ मधे जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल रीतसर इशारा काढला होता. बॅच नंबर, खोक्यावरचं स्पेलिंग, पेनचा डायल हे बघून घ्या आणि प्रिस्क्रिप्शन न मागणाऱ्या दुकानदारापासून लांब राहा.

आणि एकदा निवडलं की जन्मभर तेच, असंही काही नाही. डायबेटिसच्या डोसांमधे तर अदलाबदलीचा हिशोब लेबलवरच दिलाय, १४ च्या गोळीवरून ओझेम्पिकच्या ०.५ वर जायचं तर शेवटच्या गोळीच्या दुसऱ्याच दिवशी पहिलं इंजेक्शन. वजनाच्या डोसांचं तुमचे डॉक्टर सांगतील. आमच्याकडे पुढच्या व्हिजिटला हाच विषय आहे, नवऱ्याची शिफ्ट बदलतेय आणि पहाटे चारला उठून अर्धा तास उपाशी थांबायला तो पण तयार नाही, त्यामुळे आता रोज रात्री मला विचारतो, खरंच दुखत नाही ना?